मसणवट्यातले दगड आणि त्यांची नावं

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी मांडवात केलेलं भाषण)

रामकृष्ण हरी.



आज मी कीर्तनाला उभा नाही. मागं टाळकरी नाहीत, अभंग लावलेला नाही. दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला, असा निरोप आला म्हणून उभा राहिलो. माझं शिक्षण चौथी. भाषण कसं करतात ते मला माहीत नाही, कीर्तन तेवढं येतं. मधीच सूर चढला तर सांभाळून घ्या.

विषय काय, तर मसणवटा. बघा, नाव काढल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी पदर सावरला. एवढा मांडव घातलाय, उद्या काला आहे, आणि म्हाताऱ्याला हे कुठलं सुचलं! पण माउली, शंभर वर्षांची दिंडी म्हंजे काय? आज चालणारी माणसं थोडी, आणि चालून गेलेली जास्त. ती गेलेली माणसं कुठं आहेत? ओढ्याच्या काठाला आहेत. त्यांना सोडून शताब्दी कशी करायची?

आणि आजच बोलायचं कारण असं की ओढ्याकाठच्या जागेचं काम मंजूर झालंय. दहनाचा कट्टा, वर पत्र्याची शेड, भोवतीनं कंपाउंड, खाली पेव्हर ब्लॉक. ह्या कामाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, म्हंजे उगंच कुणी गैरसमज करून घेऊ नये. श्रावणात सरण पेटत नाही तेव्हा काय हाल होतात ते मी ह्या हातांनी बघितलंय. चौघांनी ताडपत्री धरायची, एकानं डिझेल ओतायचं, पोरानं भिजल्या अंगानं बापाला अग्नी द्यायचा. शेड पाहिजेच. पण मी तो नकाशा बघितला. शेड दाखवलीय, रस्ता दाखवलाय, पाण्याची टाकी दाखवलीय. आणि जिथं समाध्या आहेत, वृंदावनं आहेत, जुने दगड आहेत, ती जागा नकाशावर कोरी आहे. नकाशा काढणाऱ्या पोराचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही. जेसीबीवाल्याला तर कोण सांगणार? त्याला जागा साफ करायची असते, तो अर्ध्या दिवसात करून देतो.

आता तिथं आहे तरी काय, ते एकदा मनानं फिरून येऊ.

वेशीतनं खाली उतरलं की पहिला लागतो विसाव्याचा दगड. तिरडी टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायची, तो. मधी खळगा पडलाय त्याला. गावातला एकूण एक माणूस त्या दगडापाशी थांबून गेलाय. पुढं लिंबाखाली पाच उभे दगड आहेत. त्यातल्या एकाला आपण शेंदूर लावून बिरोबा म्हणतो, एकाला नुसतंच म्हसोबा म्हणतो. बाकीचे तीन आडवे पडलेत, त्यावर पोरं बसतात. हे वीरगळ आहेत. आपल्या महाराष्ट्रात गावोगावी आहेत, यादवांच्या काळातले आणि त्याच्या आगंमागंचे. सगळ्यात खाली बघा, लढाई कोरलेली असते, कुठं कुठं गाई कोरलेल्या असतात. गाई वळवून न्यायला कुणी आलं, गावातला एकजण आडवा गेला आणि पडला. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं बसलाय. आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. म्हंजे चंद्र-सूर्य असेपर्यंत ह्याची आठवण राहील, असं त्या काळच्या गावानं लिहून दिलं. अक्षर येत नव्हतं तर चित्रानं लिहून दिलं. त्यातलाच एक दगड असा आहे की त्यावर नुसता बाईचा हात आहे, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला. ती सतीशिळा. त्या बाईला जाळ सोसावा लागला, आणि दगडावर तिचं नाव नाही. हातभर बांगड्या आहेत, नाव नाही.

72 च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर आम्ही सगळे जायचो. त्या वेळेला ह्या दगडांचे दोन भाऊबंद फुटून खडीत गेले, असं माझे चुलते सांगायचे. पोटाला नव्हतं, त्यांना बोल लावता येत नाही. पण आता पोटाला आहे.

पाच दगडांच्या पुढं आपल्या दिंडीची माणसं. पहिल्या विणेकऱ्यांचा चौथरा, त्यावर तुळशीचं वृंदावन. तुळस वाळलीय, दर वारीला कुणीतरी नवीन लावतं. शेजारी चार-पाच छोटे कट्टे, नाव एकावरही नाही. माझा आजा सांगायचा, हा पखवाजवाल्याचा, हा झेंडेकऱ्याचा. आजा गेला, आता मी सांगतो. मी गेल्यावर? त्याच्या अलीकडं लिंगायत मंडळींची जागा, तिथं देह बसवून पुरतात. कोपऱ्यात गोसाव्याच्या दोन समाध्या, वर पिंडी असलेल्या. ओढ्याच्या पलीकडं मुलाणी आळीचं कब्रस्तान. आपल्या दिंडीचं सामान पहिल्या काळात ज्या बैलगाडीतून जायचं, ती गाडी हाकणारे मुलाणी आजोबा तिथं आहेत. त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. श्रीगोंद्याला शेख महंमद महाराजांची जागा आहे, आणि तुकोबारायांची पालखी देहूतनं निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबून आरती होते.

आणि खालच्या अंगाला दुसरा मसणवटा. गावात एक असताना दुसरा का, ते ह्या मांडवात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याकडं मी परत येतो.

आता काही वारकरी मला म्हणतील, महाराज, तुम्हीच कीर्तनात सांगता देह नाशवंत आहे. मग दगडाधोंड्यांचं कशाला एवढं? बरोबर आहे. आपला विधी पण तेच सांगतो. जीवखडा घेतो आपण, दहा दिवस तो खडा म्हंजेच माणूस, त्याला पाणी द्यायचं, आणि मग तोही सोडून द्यायचा. धरून बसायचं नाही. पण माउली, मग आपण कार्तिकीला आळंदीला कशाला जातो? समाधीलाच जातो ना? अरणला सावतोबांच्या, तेरला गोरोबाकाकांच्या, सासवडला सोपानकाकांच्या, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या. आपला सगळा संप्रदाय समाधीवरनं समाधीवर चालत गेलेला आहे. पंढरीच्या देवळात शिरताना पहिलं पाऊल कुठं अडतं? नामदेवाच्या पायरीशी. आळंदीच्या महाद्वारात कुणाची पायरी? हैबतबाबांची. सातारकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी नोकरीला होते, त्यांनी माउलींचा पालखी सोहळा आजच्या रूपाला आणला. कार्तिकीचा सोहळा त्या पायरीच्या पूजेनं सुरू होतो. आपल्याला शिस्त लावणाऱ्या माणसाचं नाव आपण पायरीला बांधून ठेवलंय, म्हणून ते राहिलंय.

आणि माउलींची समाधी सुद्धा हरवायला आली होती, हे ध्यानात घ्या. शके 1218 ला, म्हंजे 1296 साली माउली बसले. पुढं काळ वाईट आला. झाडी माजली. परंपरा असं सांगते की नाथ महाराजांच्या स्वप्नात माउली आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागलीय, येऊन काढ. नाथ आळंदीला गेले, झाडी काढली, समाधीची जागा शोधली. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या पोथीत जे चुकीचे पाठ शिरले होते ते शोधून, शके 1506 ला शुद्ध पोथी तयार केली. बघा कसं आहे. जागाही साफ केली आणि अक्षरही साफ केलं. नुसती जागा साफ करणारे आपल्याकडं आता पुष्कळ झालेत. जेसीबी भाड्यानं मिळतो.

मी कीर्तनात चोखोबांचं आख्यान लावतो तेव्हा एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. मंगळवेढं इथनं किती लांब? आपल्या माणगंगेच्या पट्ट्यातलंच. तिथं गावकुसाचं काम चाललं होतं. शके 1260. कूस कोसळलं आणि चोखोबा खाली सापडले. नामदेवराय गेले. ढिगाऱ्यात हाडं, कुणाची कोणती ओळखायची कशी? तर ज्या हाडांतनं विठ्ठल विठ्ठल असा आवाज आला ती उचलली, पंढरीला आणली आणि महाद्वारापुढं समाधी बांधली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण मी म्हणतो, हाडं ओळखावी लागली, म्हंजे तिथं आणखी माणसं होती. चोखोबांबरोबर दगड उचलणारी, घमेली वाहणारी. त्यांना घरं होती, बायका-पोरं होती. त्यांची नावं काय? सातशे वर्षं होत आली, कुणाला माहीत नाही. चोखोबांना नामदेव भेटले. बाकीच्यांना कुणी भेटलं नाही.

आता खालच्या मसणवट्याचं बोलतो. शेड वरच्या जागेत होणार, खालच्या जागेत नाही. ते कसं आणि का, ते ग्रामसभेत विचारू, हा मांडव त्यासाठी नाही. पण आपल्या दिंडीत त्या आळीतली माणसं पहिल्यापासून चालत आलीत. वाटेवर लाकूडफाटा त्यांनी आणला, तंबूच्या मेखा त्यांनी ठोकल्या, आणि त्यांच्यातला एकजण असा गायचा की चाल लावायला मोठेमोठे त्याला पुढं घ्यायचे. दिंडीच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीत त्याच्या नावावर दोन आणे लिहिलेत, एवढाच त्याचा पुरावा. त्याला कुठं ठेवला, ते त्या आळीतले एकच म्हातारे सांगू शकतात, आणि त्यांना आता ऐकू येत नाही. मी परवा जाऊन बसलो. मोठ्यानं ओरडून विचारलं. त्यांनी काठीनं दाखवलं, बाभळीपासून सात पावलं. मी मोजून खूण केलीय.

बायकांचं तर विचारूच नका. माझी पणजी दिंडीच्या पहिल्या वर्षांत चालायची. एका वारीत वाटेत पटकी झाली आणि ती गेली. त्या काळी वारीत पटकी यायची, माणसं वाटेतच राहायची. दिंडी थांबत नसे, दोन माणसं मागं थांबायची, जिथं लाकडं मिळतील तिथं अग्नी द्यायची आणि धावत पुढचा मुक्काम गाठायची. कुठल्या गावच्या शिवारात तिला ठेवलं, ते घरात कुणाला ठाऊक नाही. आणि तिचं नाव? सगळे तिला थोरली म्हणायचे. थोरली म्हंजे नाव नव्हे. आमच्याकडं हेळवी यायचा, बैलावर बसून, पोथी काढून पिढ्या वाचून दाखवायचा. सात पिढ्यांचे बापे त्यानं घडाघडा सांगितले. मी म्हटलं, आणि बायका? तो म्हणाला, "महाराज, आमच्या पोथीत लेकी-सुना नसतात."

कागदपत्र नाहीत असं नाही. गाव नमुना 14 म्हणून असतो, त्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल करायचा. जुनी नोंद मोडीत आहे. दाखल्यासाठी लोक खापरपणज्याचं नाव शोधत तालुक्याला कसे हेलपाटे घालत होते, ते आपण बघितलं. मोडी वाचणाऱ्या माणसाच्या दारात रांग. तीर्थक्षेत्राला उपाध्यांच्या वह्यांत घराण्याची नावं सापडतात. आता 1969 चा कायदा आहे, मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत द्यायची. पण ह्या सगळ्या कागदांत माणूस मेला एवढंच सापडतं. तो काय गायचा, त्याच्या विहिरीवर किती घरं पाणी भरायची, तिनं किती बाळंतिणी सोडवल्या, हे सापडत नाही. ते मसणवट्यातनं परत येताना बोलतात माणसं. सावडायच्या दिवशी बोलतात, दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत बसतात तेव्हा बोलतात. गावाचा इतिहास तिथं बोलला जातो आणि नदीवर हातपाय धुतले की तिथंच राहतो.

2020 ला काय झालं ते आठवा. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपली दिंडी घरात बसली. त्या साली आणि पुढच्या साली आपली काही माणसं तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी गेली आणि तिकडंच त्यांना अग्नी दिला गेला. खांदा नाही, विसावा नाही. विसाव्याचा दगड सगळ्यांना माहीत आहे म्हटलं मी, तर त्या माणसांना तो सुद्धा मिळाला नाही. त्यांची आपल्या ओढ्याकाठी काहीच खूण नाही. त्यांचं नाव लिहायला दगड लागत नाही, कागद पुरतो.

गाव असून सुद्धा जागा जाते, हेही बघा. उजनीचं धरण झालं, गावं पाण्यात गेली. माणसं उठून वर आली, घर बांधलं, देऊळ नवीन बांधलं. पण बापजाद्याची राख जिथं पडली ती जागा काय उचलून आणता येते? इंदापूरकडं पळसदेवला उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, तिथं वीरगळ पण आहेत. लोक होडीत बसून बघायला जातात. माझे एक व्याही त्या धरणग्रस्तांतले. ते तिकडं गेले की देवळात आधी जात नाहीत. चिखलात उभे राहतात आणि पोराला हात करून दाखवतात, आपला ओढा इथनं होता, आजा इथं. ते पाण्याखालची जागा विसरले नाहीत. आपली तर कोरड्यात आहे.

मग करायचं काय? मी दिंडीच्या पैशातनं नव्हे, स्वतःच्या डाळिंबाच्या पैशातनं एक जाड वही आणलीय, दोनशे पानी. त्यात लिहायला सुरुवात केलीय. माझं अक्षर वाकडं आहे, म्हणून नातीला बसवलंय, ती कॉलेजला जाते. एका माणसाला एक पान. नाव, बापाचं नाव. बाई असेल तर तिचं स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव, नवऱ्याचं नंतर. काय काम करायची. दिंडीत काय धरायची, टाळ, तुळस, झेंडा, का नुसती चालायची. नुसतं चालणं पण लिहायचं. कुठं ठेवली, कुठल्या झाडापासून किती पावलं. आणि खाली, हे कुणी सांगितलं त्याचं नाव. हे शेवटचं मी फार महत्त्वाचं धरतो. कारण दोन म्हातारे दोन तऱ्हेनं सांगतात. मग आपण न्याय करायचा नाही, दोन्ही लिहायचं.

वहीत वरचा मसणवटा, खालचा मसणवटा, लिंगायत, गोसावी, कब्रस्तान अशी वेगळी पानं नाहीत. ज्या साली माणूस गेला त्या क्रमानं. काहींना हे आवडणार नाही, दोघांनी मला बोलून दाखवलं. मी म्हटलं, वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, मग वहीत शेजारी बसायला काय होतंय? एकजण हसला. दुसरा अजून बोलत नाही.

आजपर्यंत 64 पानं झालीत. त्यातली 23 बायकांची. थोरलीचं पान केलंय, नावाची जागा सोडलीय.

दगडांविषयी पोरांना एवढंच सांगतो. मोबाईल तुमच्याकडं आहे, फोटो काढा, पण दुपारी काढू नका. सकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा काढा, कोरलेलं उठून दिसतं. दुपारी नुसता धोंडा दिसतो. ऑइलपेंट लावू नका. आणखी शेंदूर चोपडू नका, आधीच इतका बसलाय की बिरोबाचं तोंड सापडत नाही. घासायला तारेचा ब्रश घेऊ नका. आणि दगड उचलून देवळापुढं आणून मांडायची हौस काहींना आहे, ती नको. तो जिथं उभा आहे तिथं का उभा आहे, हे आपल्याला अजून कळायचं आहे. आडवे पडलेले तीन दगड तेवढे उभे करू, जाणत्या माणसाला विचारून.

सरपंच इथं बसलेत. त्यांना मी घरी जाऊन भेटलोय, ते चांगलं बोलले. आज सगळ्यांपुढं मागतो. शेड चार हात ओढ्याकडं सरकवा. लिंबाखालची जागा आणि दिंडीच्या समाध्यांची जागा नकाशावर लिहा. काय लिहायचं ते लिहा, "जुन्या समाध्या" लिहा, पण कोरी ठेवू नका. तिथं ब्लॉक बसवू नका, माती राहू द्या. कंपाउंडला खालच्या अंगानं पण दार ठेवा. जेसीबी येईल त्या दिवशी आम्ही पाच-सहा म्हातारे तिथं लिंबाखाली बसू. भांडायला नव्हे. ड्रायव्हरला दाखवायला, की बाबा, हे इथनं इथवर सोड.

काल्याच्या नंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता विळा, खराटा आणि घमेलं घेऊन ओढ्यावर जमायचं आहे. आधी वेड्या बाभळी काढू. चहाची सोय मी करतो. ज्यांना यायला जमत नाही, ज्यांचे गुडघे चालत नाहीत, त्यांनी घरी थांबा, नात वही घेऊन तुमच्याकडं येईल. तिला चहा देऊ नका, तिला नावं सांगा. आणि त्या तिकडं खांबाला टेकून बसलेल्या आजी, तुम्ही नव्वदीच्या पुढं आहात. तुमच्या सासूबाई आणि माझी पणजी एका हंड्यातलं पाणी प्यायच्या, असं मी ऐकलंय. उद्या प्रसाद झाल्यावर मी तुमच्याकडंच पहिला येतोय. थोरलीला तुमच्या सासूबाई काय म्हणून हाक मारायच्या, तेवढं रात्रीतनं आठवून ठेवा.

रामकृष्ण हरी.